नळीतला उजेड

हुरड्याचे दिवस आले की परभणीतल्या माणसांना आपल्याला एक गाव आहे हे अचानक आठवतं. वर्षभर ज्यांचा फोन नसतो ते गोड आवाजात विचारतात, "काय मग, ज्वारी कुठवर आली?" ज्वारीशी त्यांना काही देणंघेणं नसतं. दाण्यात दूध भरलं की नाही, एवढंच हवं असतं. मी त्यांना हसते, पण मीही त्यांच्यातलीच. गच्चीवरचे कपडे दुपारपर्यंत गार लागायला लागले की माझंही मन येलदरीच्या बाजूला ओढ घेतं. तिकडं धरणाच्या पाण्याच्या कडेला आमचं शेत आहे. पहाटे पाण्यावरचं धुकं उठून ज्वारीत शिरतं आणि ताटं दिसेनाशी होऊन नुसती कणसं तेवढी वर दिसतात. आगटीतल्या शेण्यांचा धूर, भाजल्या कणसाचा वास, तळहातावर चटका देणारा कोवळा दाणा. मला वाटायचं, या दिवसांचं कुणी वाईट करूच शकत नाही.

यंदा मात्र ज्वारी हुरड्याला आल्याचं कळलं आणि मी पिशवी भरायचं लांबवत राहिले. आण्णांना तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न होता. आण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते गावी एकटे असतात आणि मी दर हिवाळ्यात हुरड्यापासून संक्रांतीपर्यंत त्यांच्याकडं जाऊन राहते. गेलं वर्षभर मी अधूनमधून गेले की त्यांचा एकच प्रश्न असायचा. चपला काढायच्या आधी, पाणी प्यायच्या आधी ते विचारायचे, "माय, नळी आली का गं?" आणि मी म्हणायची, "न्हाई अजून, आण्णा." ते मान हलवायचे. माझ्या शब्दावर त्यांनी कधी दुसरा प्रश्न विचारला नाही, आणि तेच मला फार लागायचं.

ही नळी बंदुकीची. रानडुकरांनी आणि रोह्यांनी पिकाची नासाडी करू नये म्हणून आण्णांना तरुणपणीच परवाना मिळाला होता. बंदूक एकनळी, काडतुसाची. आण्णांनी ती कधी मिरवली नाही. लग्नात बार काढायला कुणी मागायला आलं की ते म्हणायचे, "वरातीत बँड लावा, आमचं हत्यार कामावर हाय." त्यांचा नेम कुणी पाहिला नाही, कारण त्यांनी तो कधी धरलाच नाही. बार आभाळाकडं काढायचा, हा त्यांचा नियम. डुकराला आवाज पुरतो, म्हणायचे, मारायचं कशाला, त्येलाबी लेकरं हायेत.

इतर बायकांना माहेर म्हटलं की चुलीवरच्या भाकरीचा वास येतो. मला रॉकेल, शिलाई मशीनचं तेल आणि आण्णांच्या जुन्या धोतराचा वास येतो. बंदूक साफ करायचं काम लहानपणीच माझ्याकडं आलं. खरं तर ते भावाचं होतं, पण आण्णा म्हणाले, "त्येला घाई लय. घाईचा हात लोखंडाला चालत न्हाई." हिवाळ्याच्या उन्हात ओट्यावर पोतं अंथरायचं. आधी नळी रिकामी आहे का ते आण्णा स्वतः बघायचे, मला दाखवायचे, आणि बघितलेलं परत बघायचे. मग नळी दस्त्यापासून वेगळी व्हायची. दस्ता म्हणजे खांद्याला लावायचा लाकडी भाग. लांब गजाच्या टोकाला धोतराची चिंधी गुंडाळायची, रॉकेलात भिजवायची, नळीत घालून मागेपुढे करायची. पहिली चिंधी काळीकुट्ट निघते. मग कमी काळी, मग राखाडी, आणि पांढरी गेली तशी पांढरी बाहेर येईपर्यंत सोडायचं नाही. शेवटी मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात.

आणि मग परीक्षा. नळी डोळ्याला लावून आभाळाकडं धरायची. साफ नळीत उजेडाची कडी दिसतात, एकात एक, लहान लहान होत जाणारी, पार टोकापर्यंत. मला ती कडी बघायला इतकं आवडायचं की मी नळी खालीच ठेवायची नाही. आण्णा हसायचे, नळी काढून घ्यायचे आणि स्वतःची करंगळी तिच्या तोंडात घालून फिरवायचे. करंगळी कोरडी आणि स्वच्छ निघाली की म्हणायचे, "लख्ख हाय." एकदा मी विचारलं होतं, मी बघितलंय ना, मग बोट कशाला? तर म्हणाले, "डोळा फसतो, माय. बोट फसत न्हाई."

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पाटावर यायची. विळे, कुऱ्हाडी, पहार, आणि मधोमध बंदूक. सगळ्यांना ओलं हळदीकुंकू लागायचं, पण बंदुकीचं हळदीकुंकू दस्त्याला. लोखंडाला फक्त तेलाचं बोट. गावात आणखी कुणाकुणाकडं बंदुका होत्या आणि ते भक्तिभावानं अख्ख्या नळीला हळदीकुंकू फासायचे, पाणी शिंपडायचे, आणि दिवाळीपर्यंत नळीवर देवाचा प्रसाद म्हणून तांबडे ठिपके उमटायचे. आण्णा म्हणायचे, देवाला लोखंड कळतं, भटाला कळत न्हाई. आई त्यांच्यावर डोळे वटारायची.

गेल्या वर्षीच्या हुरड्यात ते घडलं.

त्याच्या आधीच आण्णांचे डोळे कमी झाले होते. मोतीबिंदू काढून झाला होता, पण डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या मागचा पडदा झिजलाय, त्याला आता इलाज नाही. आण्णांनी हे ऐकलं आणि दवाखान्यातच सोडून दिलं. घरी आल्यावर ते पूर्वीसारखेच वागायला लागले. पाऊलवाट पायाला पाठ होती, गोठा नाकाला पाठ होता. चहाची कपबशी मात्र मी हातात द्यावी लागायची, आणि ती देताना मी मुद्दाम दुसरीकडं बघायची.

त्या दिवसांत कोंडाबाईचं बिऱ्हाड आमच्या पडीक तुकड्यात होतं. कोंडाबाई आणि तिचा नवरा मेंढ्या पाळतात. चारठाण्याकडून दरसाल येतात आणि काढणी झाली की आमच्या रानात मेंढ्या बसवतात. रानाला खत होतं आणि मेंढ्यांना चारा. बाई मोठी फटकळ, आण्णांची थट्टा करायचा मान गावात तिला एकटीला. दिवस मावळायला आला होता. मी आगटी पेटवत होते. आण्णा बांधावर बंदूक घेऊन बसले होते, आणि समोरच्या ज्वारीत काहीतरी खसफसलं.

बार झाला तेव्हा मी वर बघितलं, सवयीनं. बार आभाळाकडं गेलाच नव्हता; आपल्याला दिसतं हे दाखवायला की काय, आण्णांनी नळी आडवी धरली होती.

ज्वारीतून कोंडाबाई बाहेर आली. छातीशी कोकरू धरलेलं, डोक्यावरची घोंगडी खांद्यावर घसरलेली. कोकरू चुकलं म्हणून ती ज्वारीत शिरली होती. छर्रे तिच्या डोक्यावरची कणसं तोडत गेले होते आणि तिच्या केसांत ज्वारीचे दाणे अडकले होते. ती थरथरत होती आणि हसतही होती. म्हणाली, "आण्णा, डुकरं सपली वाटतं. आवंदा मानसं धरली व्हय?"

आण्णा बंदूक मांडीवर ठेवून बसून राहिले. जेवले नाहीत. सकाळी चहा देताना मला म्हणाले, "डुक्कर व्हतं. तिच्या मागं व्हतं." मी हो म्हणाले. ते परत म्हणाले, "मोठं व्हतं." मी पुन्हा हो म्हणाले.

मी पाण्याला गेले तेव्हा कोंडाबाई भेटली. तिनं कुठं तक्रार केली नाही, नवऱ्यालाही पुरतं सांगितलं नव्हतं. मला म्हणाली, "ताई, मानूस वंगाळ न्हाई. डोळं गेल्यात. पर ज्येचं डोळं गेलं, त्येला बंदूकबी गेली म्हनून सांगावं कुनी? आमी तर न्हाई सांगू शकत. तुमी लेक हाव." असं म्हणून ती कळशी घेऊन गेली आणि ते ओझं माझ्याकडं राहिलं.

मी लेक होते, म्हणूनच मला सांगता येईना. आण्णा, तुम्ही माणूस मारला असता, हे वाक्य मी मनात कितीतरी वेळा जुळवलं. प्रत्येक वेळी ते त्यांच्या तोंडासमोर जाऊन विरघळलं. मग मी भित्र्या माणसाची वाट धरली. नळीला एक पोचा होता, माझ्या लग्नाच्याही आधीचा, पंपाच्या खोलीच्या दाराला आपटून आलेला. इतकी वर्षं तो कुणाच्या आड आला नव्हता. मी म्हणाले, "आण्णा, पोचा वाढलाय. बार करताना फुटली तर?" त्यांनी बोट फिरवून बघितलं. पोचा वाढला नव्हता, बोटाला ते कळलंच असणार. पण म्हणाले, "तू म्हनतीस तर जाऊ."

परभणीत बंदुकीचं एक जुनं दुकान आहे. दुकानदाराला सगळे चाचा म्हणतात. त्यांनी चहा निवायच्या आत पोचा काढून दिला आणि मला पाहिजे होतं ते स्वतःहून बोलले. "नली तो सीधी होगई, पर अब सरकारी इम्तिहान होना. हमेशा से जोर का बार डालके मारते. टिकी तो छाप मारते, नई टिकी तो गई काम से." ही तपासणी पार बंगालकडं होते, दुकानातूनच नळी तिकडं जाते. तिथं भिंतीआडून दोरी ओढून बार काढतात, माणसाला धोका नाही, हेही त्यांनी सांगितलं. मग आण्णांकडं वळून म्हणाले, "लकडी घर में रखो, जोर के बार से तडकती. और नली ऐसी साफ करके लाव के अंदर तेल का बूंद नई होना. मैली नली वो लोग देखतेच वापस भेजते."

आण्णांनी माझ्याकडं बोट केलं. "साफसफाई आमची माय करती." चाचांपुढं हे सांगताना त्यांचा आवाज असा होता की मला दुकानातून उठून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर मी नळी साफ केली. आयुष्यात इतकी चांगली साफसफाई मी केली नाही. ऊन होतं, शेजारी आण्णा दस्ता पुसत बसले होते, आणि मी चिंधीवर चिंधी ओढत मनात म्हणत होते, देवा, ही फुटू दे. तिकडंच फुटू दे. म्हणजे मला काही बोलावं लागणार नाही. सरकार बोलेल, बंगाल बोलेल. आण्णा म्हणतील, नळीचं आयुष्य संपलं, आणि माझ्याबरोबर चहा पितील. इतका सोपा सुटकेचा रस्ता मी देवाजवळ मागत होते आणि हात मात्र नळी पास व्हावी म्हणून राबत होते.

मध्येच गजाच्या टोकाची चिंधी आत सुटली. मी नळी डोळ्याला लावली तर कडी गायब, नुसता अंधार. आण्णांनीच शिकवलेलं होतं, नळीत चिंधी राहिली आणि बार झाला तर नळी फुगते, फाटते. त्यात हा तर जोराचा बार. मी आण्णांकडं बघितलं. त्यांना दिसत नव्हतं. चिंधी तशीच राहू दिली असती तर वर्षभराचा हा सगळा जाच झाला नसता. खोटं कशाला सांगू, मी गज खाली ठेवला होता.

मग तो परत उचलला आणि चिंधी बाहेर ढकलली. यात माझा चांगुलपणा काही नाही. हाताला तशी नळी सोडायची सवयच नव्हती. तिकडं चाचणीआधी बघून चिंधी काढलीही असती म्हणा, पण मैल्या नळीनं नाव आण्णांचं गेलं असतं. शेवटी तेलाचा हात न देता नळी कोरडी केली. आण्णांनी करंगळी फिरवली. "लख्ख हाय," म्हणाले.

नळी गेली आणि दस्ता घरी राहिला. तो जुना शिसवी दस्ता आण्णांनी खाटेशेजारी उभा केला. रोज ऊन अंगणात आलं की ते जवसाच्या तेलाचे दोन थेंब तळहातावर घ्यायचे आणि दस्त्यावर चोळत बसायचे. सावकाश, लाकूड गरम होईपर्यंत. नळी आली की जोडायचा म्हणून तो तयार ठेवत होते.

उन्हाळ्यात चाचांचा फोन आला. "मुबारक हो बेटी, नली पास होके आगई. मालिक के बगैर मैं पार्सल खोलता नई. अब्बा को लेके आव, खोलके तेल-पानी करके जाव. बारिश सर पे है." मी "येते चाचा" म्हणाले. फोन ठेवला आणि चक्क रडले. लोक पोरगं नापास झालं की रडतात, मी पास झाल्यावर रडले.

गेले नाही. आण्णांना कळवलंही नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी ते दुकानच टाळायला लागले. माझा बाजाराचा रस्ता त्याच गल्लीतून जातो. मी पलीकडच्या गल्लीनं वळसा घालून जायला लागले, भाजीची पिशवी जड असली तरी. चाचांनी पुन्हा फोन केला, त्यानंतर पुन्हा केला, आणि मग भल्या माणसानं करायचं सोडून दिलं.

पावसाळा आला. स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला पाणी सुटलं, काड्यापेटीतली काडी ओढता ओढता मोडायला लागली, आणि मला त्या बंद पार्सलातली नळी आठवायची. बारानंतर नळीत जळकं राहतं, ते ओल धरतं. बार झाला की आधी नळी पुसायची आणि मग जेवायचं, असं आण्णांचं होतं. इथं तर जोराचा बार झालेला, तिकडून येताना कुणी कसं पुसलं देव जाणे, आणि वर पावसाळा. बरणी पुसून मी मीठ उन्हात ठेवलं. नळीचं मला कळत होतं, परभणीत माझ्याइतकं कुणाला कळत नसेल, आणि तरीही मी घरात बसून राहिले. आण्णांना बोलावून रिक्षानं गेले असते तरी चहाच्या आधी परत आले असते. माझ्या अपराधाची पळवाट मी शोधून बघितली आहे, मला ती सापडली नाही. आण्णांच्या हातून माणूस मरू नये म्हणून मी खोटं बोलले, हे मी स्वतःला समजावू शकते. नळीला ओल का खाऊ दिली, हे नाही समजावू शकत.

खंडेनवमीला मी गावी गेले. पाटावर विळे होते, कुऱ्हाड होती, आणि मधोमध नुसता दस्ता. तेलानं काळाभोर, चकचकीत. आण्णांनी त्याला हळदीकुंकू वाहिलं आणि मग सवयीनं तेलाचं बोट पुढं केलं. लोखंड नव्हतंच. ते बोट थोडा वेळ तसंच राहिलं आणि मग त्यांनी ते कुऱ्हाडीला पुसलं. "नळी आली का गं?" त्यांनी विचारलं. "न्हाई अजून, आण्णा."

आणि आता हा यंदाचा हुरडा. मी गेले, चपला काढल्या, पाणी प्यायले. आण्णांनी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ज्या प्रश्नाला मी वर्षभर भ्याले तो आला नाही, तर मला जास्तच भीती वाटली.

संध्याकाळी आगटीजवळ कोंडाबाई आली होती. आण्णा गरम कणसं तळहातावर चोळून दाणे पाडत होते, तोच हात, दस्त्याला तेल चोळायचा. कोंडाबाई म्हणाली, "आण्णा, आवंदा तुमचा बार न्हाई तर डुकरं लय माजल्यात बघा. पाहुनचाराला यायल्यात सारकी." तिनं सहज म्हटलं. मग माझ्याकडं बघून तिनं जीभ चावली.

आण्णा म्हणाले, "नळी कवाच पास झाली आसंल."

माझ्या हातातलं कणीस आगटीत पडलं. "तुमाला कुनी सांगितलं?"

"सांगायचं काय त्येच्यात? तू साफ केल्याली नळी नापास हुईल व्हय?"

एवढंच बोलले. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास राहिला नव्हता, पण माझ्या हातावर होता. वर्षभर ते मला विचारत होते तेव्हाही त्यांना ठाऊकच असावं. मी कधी सांगते याची वाट बघत होते, आणि मी सांगितलं नाही म्हणून शेवटी विचारायचं थांबले.

"कवापसून दुकानात हाय?" त्यांनी विचारलं.

"उन्हाळ्यापासून."

"म्हंजी पावसाळा तितंच काडला तिनं." त्यांनी दाण्यांतला कोंडा फुंकला. "बारानंतर पुसली का न्हाई कुनी?"

मी आगटीत पडलेलं कणीस काडीनं ओढायला लागले. कोंडाबाई उठली आणि मेंढ्यांचं निमित्त करून निघून गेली. का लपवलंस, असं आण्णांनी विचारलं नाही. तसं विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांना काळजी नळीची होती. म्हणाले, "उद्या जाऊ."

गाडी करून आम्ही निघालो. जिंतूर मागे पडलं. आण्णांच्या मांडीवर धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला दस्ता होता. चाचांनी आम्हाला बघून एक शब्द वाकडा काढला नाही. आण्णांना खुर्ची दिली, पार्सल आणलं आणि मालकासमोर उघडलं. बाहेरून नळी ठीक होती. बुडाशी नवी छाप होती, बारीक आणि स्वच्छ. मी नळी घेतली, दाराकडं वळले आणि डोळ्याला लावली.

कडी होती, पण तुटकी. काडतुसाच्या बाजूला तांबडे ठिपके, मग त्यांचे पट्टे, आणि पुढं कुठं कुठं लोखंड खाल्लेलं. जोराचा बार जिला काही करू शकला नाही, ती नळी मी मिठाच्या बरणीकडं बघत बघत संपवली होती. मी मागितलं होतं तसंच झालं होतं. फक्त बंगालला करावं लागलं नाही, मी घरी बसून केलं.

आण्णांनी हात पुढं केला. मी नळी दिली. त्यांनी ती डोळ्याला लावली, रस्त्यावरच्या उजेडाकडं धरली. बराच वेळ बघितलं. मग दुसऱ्या डोळ्याला लावली. त्यांना काय दिसलं मला माहीत नाही. बहुतेक काहीच नाही. मग नळी उलटी करून त्यांनी बुडाच्या बाजूनं करंगळी आत घातली.

करंगळी आत थांबली. एरवी ती फिरून लगेच बाहेर यायची. चाचा चष्मा पुसत होते.

आण्णांनी बोट बाहेर काढलं आणि कुणाला दिसायच्या आत धोतराच्या निऱ्यांत पुसलं. "लख्ख हाय, चाचा," ते म्हणाले. "आमच्या मायचा हात हाय त्येला."

मग त्यांनी फडकं सोडलं आणि दस्ता नळीशेजारी ठेवला. "ह्योबी ठिवा संगं. जोडी तोडू न्हाई. आता घरी बगनारं कोन हाय? सरकारात जमा करायचं काय आसंल ते तुमीच बगा." चाचा म्हणाले, "सोच लो आण्णा." आण्णा म्हणाले, "सालभर तेच केलं."

परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. आण्णांच्या मांडीवर नुसतं रिकामं फडकं होतं आणि ते त्याच्या घड्या घालत होते, उलगडत होते. जिंतूरच्या अलीकडं ते म्हणाले, "त्या दिशी डुक्कर नव्हतं गं, माय."

मी "हं" म्हणाले. त्यांनी आपलं सांगून टाकलं होतं. आता पाळी माझी होती. नळी गंजलीय आण्णा, माझ्यामुळं गंजलीय, एवढंच सांगायचं होतं, तेही ज्याला आधीच कळलं होतं त्याला. पण मी काचेबाहेर बघत राहिले आणि गाव आलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांचं धोतर धुवायला घेतलं. निऱ्यांच्या आतल्या घडीत करंगळीएवढा तांबडा डाग होता. साबण लावला. मग लिंबू चोळलं, मीठ टाकलं, उन्हात पसरलं, परत धुतलं. डाग पिवळट झाला, पण राहिला.

संध्याकाळी आण्णा तेच धोतर नेसून आगटीजवळ बसले. कणीस चोळता चोळता, माझ्याकडं न बघता, त्यांनी विचारलं, "डाग निगाला का गं?"

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. "न्हाई निगाला, आण्णा."

उन्हाळ्यापासून मी त्यांना म्हटलेलं ते पहिलं खरं 'न्हाई'.

"ऱ्हाऊ दे मंग," ते म्हणाले. त्यांनी माझा हात चाचपून धरला, उताणा केला आणि त्याच्यावर गरम हुरडा ओतला.